आवतण आल्याशिवाय कुणी येत नाही

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वाळवा तालुक्यात एका साखर कारखान्याजवळ ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी तुम्ही संध्याकाळचा वर्ग चालवता. शिकवायला गावातले स्वयंसेवक मिळावेत म्हणून व्हॉट्सॲपवर फॉर्म फिरवला. अकरा जणांनी भरला, आले दोघे. त्याच आठवड्यात गावच्या हरिनाम सप्ताहात साठ-सत्तर पोरं रात्री बारापर्यंत पंगती वाढत होती, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलं. म्हणून तुम्ही विचारताय, की इथल्या लोकांना समाजकार्याची ओढच नाही, की आपली संस्कृतीच माणसाला देव आणि गाव यांच्यापलीकडे जाऊ देत नाही?

गेली सव्वीस वर्षं मी सातारा-सांगली पट्ट्यात पाणलोट, बचत गट आणि पूरमदतीच्या कामांत आहे. लोकांना बोलवायचं, एकत्र बसवायचं आणि कामाला लावायचं, हेच माझं काम. त्या अनुभवावरून सांगते, ओढ भरपूर आहे. पण आपल्याकडचा माणूस ‘मला काय करावंसं वाटतं’ इथून सुरुवात करत नाही. तो आधी विचारतो, ‘हे काम कुणाचं?’ आणि मग, ‘मला कुणी बोलावलंय का?’ या दोन्हींची उत्तरं मिळाली की तो झोप सोडून येतो. नाही मिळाली, तर काम कितीही चांगलं असलं तरी लांबूनच ‘छान चाललंय’ म्हणतो.

त्या पंगतीकडेच आधी नीट बघू. माझं माहेर खटाव तालुक्यातलं. आमच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी आमटी-भात-शिऱ्याची पंगत असते. वाढणाऱ्या पोरांत नाव नोंदवून आलेला एकही नसतो. आदल्या रात्री देवळाच्या पायरीवर बसलेला एखादा जाणता माणूस सांगतो, “आमटीच्या बादल्या वरच्या आळीकडं, पाणी खालच्या आळीकडं.” तेवढ्यात वाटप होतं. कुणी आला नाही तर दुसऱ्या दिवशी डेअरीवर दूध घालताना त्याच्या आईला विचारणा होते, “पोरगं आजारी हाय का?” मागच्या वर्षी मी अशाच एका पोराकडे बघत होते. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. डाव्या कोपरात बादली अडकवलेली, उजव्या हातात वगराळं, आमटीच्या वाफेनं बोटं लाल झालेली. पंगतीतल्या एका म्हाताऱ्या बाईची पत्रावळ वाऱ्यानं उडू लागली. यानं बादली खाली ठेवली, कुठून तरी एक चपटा दगड शोधून आणला, तांब्यातल्या पाण्यानं धुतला, पत्रावळीच्या कडेवर ठेवला आणि मगच भातावर आमटी घातली. हे त्याला कुणी शिबिर घेऊन शिकवलेलं नव्हतं. मांडीवर बसून जेवायच्या वयापासून त्यानं ते बघितलेलं होतं.

या पोराला सगळी उत्तरं आधीच मिळालेली असतात. काम देवाचं आणि गावाचं. बोलावलं जाणत्या माणसानं. सोबत आपल्याच आळीतली पोरं. शेवटची पंगत उठली, पातेली धुतली की काम संपलं. तुम्ही पाठवलेला फॉर्म मी उघडून बघितला. नाव, शिक्षण, मोबाईल नंबर आणि ‘तुम्हाला स्वयंसेवक का व्हायचे आहे? चार ओळींत लिहा’. या चार ओळींनीच बरीच माणसं गळाली असावीत असं मला वाटतं. स्वतःच्या चांगुलपणाबद्दल आपणच लिहायचं, याला आपल्याकडे बढाई म्हणतात. ज्याला खरंच यायचं होतं, तो नेमका तिथं अडला असेल.

आणि आवतण. भावकीतल्या लग्नाची पत्रिका नुसती मोबाईलवर आली तर आजही घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, “दारात येऊन सांगितलं का? मग नाही जायचं.” यात अहंकार शोधू नका. न बोलावता जाणं म्हणजे स्वतःचा कमीपणा आणि समोरच्याच्या कामात लुडबूड, अशी ही समज आहे. ज्या माणसाला कुणी थेट विचारतं तो जास्त तयार होतो, हे परदेशातल्या पाहण्यांमध्येही दिसलेलं आहे. आपल्याकडे त्याची धार अधिक, कारण इथं आवतणात माणसाची पत सामावलेली असते. एखाद्या मान असलेल्या माणसानं शब्द टाकला की तो मोडता येत नाही. याची एक वाईट बाजूही आहे, ती पुढे सांगते.

स्वयंसेवेवर अभ्यास करणाऱ्यांनी बरंच काम करून ठेवलंय. अमेरिकेत क्लेरी, स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली ३० विधानांची एक प्रश्नावली मांडली. माणसं सहा कारणांनी स्वयंसेवक होतात, असं ती धरून चालते. मूल्यं, नवं शिकणं, ओळखीच्यांचा आग्रह, नोकरी-धंद्याला उपयोग, मनातली अपराधी भावना किंवा एकटेपणा हलका होणं आणि स्वतःबद्दल बरं वाटणं. मी ही यादी वापरून बघितली आहे. कॉलेजच्या मुलांना ती बऱ्यापैकी लागू पडते. पण साठीच्या शेतकऱ्यासमोर ती कोरडी वाटते, कारण तिची बहुतेक वाक्यं ‘मला’ या शब्दाभोवती फिरतात. तो माणूस ‘आमच्याकडनं’ असं बोलतो. ‘आमच्याकडनं दोन माणसं येतील.’ निर्णय घराचा असतो, कधी आळीचा असतो.

त्यापेक्षा मला उपयोगी पडलं ते शालोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञाचं काम. १९९२ मध्ये त्यांनी जगभरच्या माणसांची मूल्यं दहा गटांत मांडली. त्यात दोन गट शेजारशेजारी आहेत. एक, जवळच्या माणसांचं भलं बघणं. दुसरा, ओळख ना पाळख अशा सगळ्यांचं भलं बघणं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, पण माणूस पहिल्यात पक्का आणि दुसऱ्यात कच्चा असू शकतो. तुमची अडचण नेमकी इथं आहे. पंगत ही जवळच्यांची सेवा. बीडहून आलेल्या ऊसतोडीच्या टोळीतली पोरं गावाच्या हिशोबात जवळची नाहीत. ती दिवाळीनंतर येतात, उन्हाळ्याच्या तोंडाला जातात, मतदार यादीत नसतात, भावकीत नसतात. गावाला त्यांचा राग नसतो. गावाच्या डोळ्यांना ती दिसतच नाहीत.

मग ‘जवळचं’ या शब्दाचं कुंपण कसं रुंदावतं? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याची उत्तरं याच मातीत आहेत.

शेतीतली जुनी रीत आठवा. सावड म्हणा, कुणी पैरा म्हणतं. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. इर्जिक त्याहून वेगळी. एखाद्याचं काम अडलं की बैलजोड्या घेऊन सगळा गाव जायचा आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. सावडीत परतफेड मोजलेली असायची, इर्जिकीत ती मोजत नसत. म्हणजे ज्याच्याकडून काही परत यायचं नाही त्याच्याही रानात उतरायची सवय आपल्याकडे होती, फक्त तो गावातला हवा. पुढे पंढरीच्या वाटेवर ही अटही गळून पडते. ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण करत जाते, तेव्हा रस्त्याच्या कडेला बसून कुणी वारकऱ्यांच्या चपला शिवून देतो, कुणी दाढी करून देतो, कुणी पाय चेपतो. समोरचा परभणीचा की कोल्हापूरचा, कुणी विचारत नाही. त्याला ‘माउली’ म्हटलं की तो परका उरत नाही. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, तिथं एकदा दिवसभर थांबून बघा. आणखी एक गोष्ट तिथं टिपून घ्या. जो तो आपापली कला घेऊन बसलेला असतो. चांभाराला कुणी पंगत वाढायला सांगत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही नस अचूक ओळखली होती. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ ला ती साताऱ्यात आली आणि तिथल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसू लागली. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा दिलं. गावागावांतून बायका मूठमूठ धान्य बाजूला काढत, त्याला मुष्टिफंड म्हणत. बघा, दारात आलेल्याला मूठभर धान्य घालायची सवय घराघरांत होतीच. भाऊरावांनी ती मूठ कुणासाठी, एवढंच बदललं. मुठीतलं धान्य परक्या जातीच्या, परक्या गावच्या पोराच्या ताटात गेलं. तुम्हाला जे करायचंय ते याच प्रकारचं काम आहे.

पुढे १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं तुफान सेना उभी केली, गावोगाव न्यायनिवाडे केले, कमी खर्चाची लग्नं लावली. तेव्हा सांगली वेगळा जिल्हा नव्हताच, त्यातला बराच भाग साताऱ्यात होता. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीनं बळीराजा धरण बांधलं. नदीतली वाळू विकून पैसा उभारायचा, श्रमदान करायचं आणि पाणी भूमिहीनांनाही द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. ज्याच्याकडे रानच नाही त्यालाही पाण्याचा वाटा! ‘हे काम कुणाचं?’ या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर मी दुसरीकडे फारसं ऐकलेलं नाही. आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यातून अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम वाढवलं, तेव्हा गणपती नदीत न सोडता द्या, यासाठी कार्यकर्त्यांनी शब्द वापरला ‘दान करा’. देव न मानणारे कार्यकर्ते आणि देवभोळी माणसं दोघांनाही तो कळला. रुजलेल्या शब्दाचा आधार घेऊन नवं काम उभं राहतं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

आता पुराबद्दल थोडं बोलायला हवं, कारण मूल्यं माणसाला हलवतात तशी अडवतातही, हे मला तिथं कळलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. मी मिरजेतल्या एका शाळेतल्या निवारा केंद्रात होते. तिसऱ्या दिवशी जत भागातून एक टेम्पो आला. तिकडं त्या वर्षी दुष्काळ होता, जनावरांच्या चाऱ्याची मारामार होती. त्या टेम्पोत भाकरी होत्या. घराघरांतून गोळा केलेल्या, प्रत्येक घराचं फडकं वेगळं, कुणाची ज्वारीची पातळ भाकरी, कुणाची बाजरीची जाड, कडेला चटणीची पुडी. एका गठ्ठ्यात धुऊन घडी घातलेलं लुगडं निघालं आणि त्याच्या पदराला हळदी-कुंकवाच्या दोन पुड्या बांधलेल्या होत्या. माहेरवाशिणीची ओटी भरून पाठवतात तसं. लुगडं कुणाला जाणार हे त्या बाईला ठाऊक नव्हतं. पण बाई घरातून बाहेर पडलीय म्हणजे तिला रिकाम्या हातानं ठेवायचं नाही, एवढं तिला ठाऊक होतं. मी ती गाठ सोडली नाही, तशीच एका आजींच्या हातात दिली.

आणि त्याच केंद्रात पाचव्या-सहाव्या दिवशी भाकरींना बुरशी आली, कारण येतच राहिल्या. पूर ओसरला तेव्हा घराघरांत गुडघाभर गाळ होता, ओल्या गाद्या होत्या, मेलेली जनावरं होती, वास मारत होता. तेव्हा हात कमी पडले. अन्नदान हे पुण्य, हे प्रत्येकाला लहानपणापासून माहीत आहे. गाळ काढणं हे पुण्याच्या वहीत कुणी लिहिलेलंच नाही, उलट ते ‘कुणाचं तरी’ काम म्हणून शतकानुशतकं एका समाजाच्या माथी मारलेलं आहे. आम्ही शेवटी काय केलं, तर तालमींच्या आणि गणेश मंडळांच्या पोरांना मंडळागणिक गल्ल्या वाटून दिल्या. ‘ही गल्ली तुमच्या मंडळाची.’ दोन दिवसांत पोरं नाकाला फडकी बांधून उतरली. गाळ तोच होता. तो आता त्यांचा झाला होता.

‘एका समाजाच्या माथी’ असं मी लिहिलं, त्यावर थांबते. माझ्याकडून झालेली एक चूक सांगायची आहे. गावाचं नाव घेत नाही. साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका गावात आम्ही बांधबंदिस्तीसाठी श्रमदान ठरवलं. सगळा गाव आला, एका वस्तीतून कुणी आलं नाही. पुढारी म्हणाले, “त्यांना गावाचं काही पडलेलं नाही.” मी ते ऐकून घेतलं आणि अहवालातही ‘वस्तीचा प्रतिसाद कमी’ असं लिहिलं. महिन्याभरानं दुसऱ्याच कामासाठी त्या वस्तीत गेले. एक आजी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी श्रमदानाचा विषय काढला. त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, “बाई, आमच्या सासऱ्यानं उभा जन्म हेच केलं. सांगावा आला की जायचं, पैका न्हाई. तवा त्याला वेठ म्हणायचे. आन पाणी अडलं तर ते कुणाच्या हिरीला येणार?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. बांधाखालच्या सगळ्या विहिरी वरच्या आळीच्या होत्या.

कनिष्ठ गावकामगारांची वतनं, म्हणजे गावची कामं पिढ्यानपिढ्या ठरावीक घरांच्या माथी बांधणारी रीत, रद्द झाली ती १९५८ च्या कायद्यानं. म्हणजे ज्यांनी ती वेठ भोगली त्यांच्या सुना आज हयात आहेत. गावकी बोलावते तेव्हा एका घराला तो मान वाटतो, दुसऱ्या घराला जुना हुकूम ऐकू येतो. मघाशी मी म्हटलं होतं की मान असलेल्या माणसानं शब्द टाकला की मोडता येत नाही. त्याची वाईट बाजू ही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याची सेवा ही सेवा नसते. तेव्हापासून मी एक नियम पाळते. वस्तीतलं काम आधी घ्यायचं, कुठं खोदायचं हे ठरवायला वस्तीतली माणसं हवीत, आणि न येणाऱ्याचं नाव फळ्यावर किंवा ग्रुपवर टाकायचं नाही. पुढच्या वर्षी त्या गावात आम्ही वस्तीच्या आडापासून सुरुवात केली. सगळे नाही आले. बरेच आले. आजी स्वतः पाण्याची घागर घेऊन आल्या होत्या.

बायकांच्या बाबतीत वेगळाच पेच आहे. बाईला सेवा करायची सवय लावलेली असते, पण उंबऱ्याच्या आत. बाहेरच्या कामाला जायचं तर ‘घरचं कोण बघणार’ हा प्रश्न तिलाच विचारतात. म्हणून सुनेला एकटीला बोलावू नका, सासूला बोलवा. सासू आली की सून आपोआप येते, आणि सासूला मान मिळाल्यानं घरात कुरबूर होत नाही. हे मी बचत गटांतून शिकले. मला ही तडजोड वाटते आणि ती मनापासून आवडत नाही. पण पहाटे चारला उठून भाकरी थापून सहाला कुदळ घेऊन हजर असणाऱ्या बाईला मी ‘आधी घरात भांड’ असं सांगू शकत नाही. ती एकदा बाहेर पडली की पुढचं तिचं ती बघते.

ईर्षा हा शब्द आपल्याकडे वाईट अर्थानं नाही. कुस्ती असो, बैलगाडी असो, कृष्णेतल्या होड्यांची शर्यत असो, ‘गाव ईर्षेला पेटलं’ असं कौतुकानं म्हणतात. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची वॉटर कप ही पाणी अडवण्याच्या कामांची गावोगावची स्पर्धा पहिल्यांदा तीन तालुक्यांत झाली, त्यात कोरेगाव होता आणि पहिला नंबर तिथल्या वेळू गावानं काढला. २०१८ ला माण तालुक्यातलं टाकेवाडी पहिलं आलं. ४५ दिवस उन्हात चर खणायला माणूस नुसत्या पाण्यासाठी येत नाही. शेजारच्या गावापुढं मान खाली जाऊ नये, हेही त्यात असतं. मात्र ईर्षेचं काम स्पर्धा संपल्यावर सैल पडतं. तुमच्या वर्गाला पाच महिने टिकणारी माणसं हवीत, तेव्हा तो रस्ता धरू नका.

हिशोबाचंही बघा. सप्ताह संपला की देवळाच्या भिंतीवर जमाखर्चाचा कागद लागतो, पावती फाडलेल्या प्रत्येकाचं नाव आणि रक्कम. तुमच्या संस्थेचा असा कागद गावानं कधी पाहिलाय का? ‘तुम्हाला पगार असेल, आम्ही फुकट का?’ हे तुमच्या तोंडावर कुणी बोलणार नाही, पण चावडीवर बोलतात. तुम्हाला मानधन मिळत असेल तर ते स्वतः होऊन सांगा. पगार घेऊन काम करणाऱ्याबद्दल इथं आकस नाही, लपवण्याबद्दल आहे. तसंच, जिथं नेमलेला शिक्षक हवा तिथं स्वयंसेवकावर भागवू नका. आशा ताईंना कागदोपत्री स्वयंसेविका म्हटलं जातं आणि ऊन-पावसात घरोघर फिरूनही त्यांना पगार नाही, मोबदलाच मिळतो. सेवा या शब्दाचा असा वापर मला बोचतो. लोकांच्या चांगुलपणावर कुणाचा तरी पगार वाचवायचा, हे आपल्या हातून होऊ नये.

आता तुमच्या वर्गाकडे येते. काही वर्षांपूर्वी अशाच एका कारखान्याच्या तळावर आम्हालाही माणसं मिळत नव्हती. जानेवारीत गावातल्या एका बचत गटाच्या अध्यक्ष बाईंना मी म्हटलं, यंदाचं हळदी-कुंकू मजुरांच्या खोपींवर करूया का? त्यांनी दोन दिवस घेतले. मग सतरा-अठरा बायका तिळगूळ आणि वाण घेऊन संध्याकाळी तळावर आल्या. टोळीतल्या बायका नुकत्याच फडातून परतल्या होत्या. हातांना पाचटाचे काप, लुगड्याला काळी चिकटण. काही जणी लाजून खोपीत जाऊन बसल्या. विधवांना कुंकू नाही, ही रीत मला मान्य नाही, म्हणून आम्ही तिळगूळ आणि वाण सगळ्यांना द्यायचं ठरवून गेलो होतो. गटातल्या एका वयस्कर बाईंनी एका तरुण विधवेच्या हातात वाण ठेवलं, तेव्हा थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग विचारपूस सुरू झाली. गाव कुठलं, पोरं किती, आगाऊ उचल किती घेतली, मोठी शाळेत का नाही? “धाकटीला सांभाळायला कोण हाय?” असं उत्तर आलं. परत येताना त्याच अध्यक्ष बाई म्हणाल्या, “माझी पुतणी डीएडला आहे, तिला पाठवते.” आठवड्याभरात चार मुली आणि एक निवृत्त गुरुजी येऊ लागले. तोवर टोळीतली पोरं ‘कारखान्याची’ होती. त्या संध्याकाळनंतर ती ‘त्या जनाबाईची पोरं’ अशी ओळखू येऊ लागली.

म्हणून सांगते, शिकवायला माणसं मागण्याआधी ओळख करून द्या. यंदा टोळ्या उतरल्या की पहिल्या आठवड्यात गावातून एका वेळची भाकरी-आमटी तळावर न्यायला सांगा. अन्नाला कुणी नाही म्हणत नाही. त्या पंगतीत वाढायला सप्ताहातलीच पोरं बोलवा, म्हणजे ती त्या मुलांना डोळ्यांनी बघतील. मग त्यांतल्या चौघांना वार वाटून द्या. सोमवार तुझा, मंगळवार तुझा, रोज एक तास, अमुक पाढे आणि अमुक वाचन. अर्धवट ‘जमेल तसं या’ सांगू नका, त्यानं कुणीच येत नाही. रविवार तुम्हाला सोयीचा वाटतो, पण ज्याच्या पंपाला त्या आठवड्यात रात्रीची लाइट आहे तो रविवारी दुपारी झोपलेला असतो. आधी विचारा. कॉलेजच्या पोरांना राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाला १२० तास भरायचे असतात. तासांसाठी आलेल्या पोराला हिणवू नका. तासांसाठी आलेली कितीतरी मुलं पुढे मनानं थांबलेली मी बघितली आहेत. शिंपीकाम येणारी बाई, सायकल दुरुस्त करणारा, भजनात पेटी वाजवणारा, या सगळ्यांना वर्गात जागा आहे, फक्त त्यांच्याकडून त्यांचीच कला मागा.

आवतण द्यायला जाल तेव्हा संध्याकाळी धारा काढून झाल्यावर, सातनंतर जा. एकटे जाऊ नका, गावातला एक माणूस बरोबर घ्या, आणि तो पुढारीच असावा असं नाही, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला असेल तर जास्त बरं. फॉर्म नेऊ नका. पहिलं घर त्या दोघांचं घ्या, जे फॉर्म भरून खरंच आले होते. न ओळखता, न बोलावता, नुसत्या मोबाईलवरच्या चार ओळी वाचून ते आले, हे इथं किती अवघड असतं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांच्या आई-वडिलांसमोर बसून सांगा, की तुमचं लेकरू आमच्याकडं येतं. मग त्यांनाच विचारा, आता पुढं कुणाच्या दारात जाऊया.